गाठीशी असलेलं नत्र

मेथीची जुडी निवडताना आपण मुळं छाटतो आणि मातीसकट कचऱ्यात टाकतो. पुढच्या वेळी टाकण्याआधी ती एकदा नळाखाली धुऊन बघा. जुडी जरा जून असली तर बारीक मुळांना लहान लहान लांबट गाठी चिकटलेल्या दिसतील. त्यातली एखादी नखानं फोडा. आत फिकट गुलाबी रंग निघाला, तर तुमच्या हातात एक चालू कारखाना आहे असं समजायला हरकत नाही. मोरीत वाहून चाललेला, पण कारखानाच.

माझे मामा लातूरकडचे, कोरडवाहू शेतकरी. या गाठींना काय म्हणतात ते त्यांना फारसं ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असे : बेवड. आधीचं पीक निघून गेल्यावर रानात जे मागं उरतं, चांगलं किंवा वाईट, तो त्या पिकाचा बेवड. ‘मुगाच्या बेवडावर शाळू बघ कसा येतो,’ असं ते म्हणत आणि शाळू खरंच काळाभोर, टरारून येई. पाठ्यपुस्तकात आम्ही शिकलो ते वाक्य जास्त गुळगुळीत होतं : द्विदल पिकं जमिनीला नत्र देतात. हे वाक्य मला आता अर्धंच खरं वाटतं, आणि मामांचा ‘बेवड’ त्याहून कितीतरी नेमका.

गंमत अशी की नत्राचा तुटवडा कधी नव्हताच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. एक हेक्टर रानाच्या डोक्यावर जी हवा उभी आहे, तिच्यात पाऊण लाख टन नायट्रोजन भरेल. पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं असे जखडलेले असतात की पिकाला त्याचा काडीइतका उपयोग नाही. हा बंध तोडायची युक्ती माणसाला विसाव्या शतकात साधली. फ्रिट्झ हाबरनं १९०९ साली प्रयोगशाळेत अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशनं ते तंत्र कारखान्याच्या मापाचं केलं आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथं उत्पादन सुरू झालं. चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब, असा तो खटाटोप. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरियासाठी अमोनिया तयार होतो तो याच वाटेनं. तुरीच्या मुळावरची गाठ तेच काम ओल्या मातीत, मातीच्याच तापमानाला करते.

हे कळायला मात्र बराच उशीर लागला. फ्रान्सच्या बुसँगोनं १८३८ च्या सुमारास दाखवलं होतं की क्लोव्हर आणि वाटाणा यांच्या रोपांत मातीतून मिळालं त्याहून जास्त नत्र सापडतं. मग इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५०च्या दशकाच्या अखेरीस अत्यंत काटेकोर प्रयोग केले. कुठूनही नत्र शिरू नये म्हणून माती भाजून घेतली, रोपं काचेच्या बंद भांड्यांत वाढवली. निष्कर्ष निघाला की झाडं हवेतलं नत्र घेत नाहीत. प्रयोगात चूक नव्हती. नको इतकी स्वच्छता होती. माती भाजताना ज्यांचा शोध घ्यायचा तेच भाजून निघाले. जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ मध्ये गाठी, जिवाणू आणि नत्र यांचा संबंध जाहीर केला, आणि दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकनं गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. आज आपण ज्यांना ढोबळपणे रायझोबियम म्हणतो, ते हे.

रायझोबियम गाठीत जन्माला येत नाही. तो मातीत मोकळा राहणारा जीव आहे आणि मोकळा असताना सहसा नत्राच्या फंदात पडत नाही. नत्राची चणचण असलेलं रोप मुळांतून फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. जवळपासच्या योग्य जिवाणूला तो सांगावा पोचतो आणि तो आपलं रसायन सोडून ओळख पटवतो. ओळख पटली की मुळावरचा केसासारखा मूलरोम टोकाशी आकड्यासारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. तिथून आत एक बारीक नळी तयार होते. जिवाणू तिच्यातून मुळाच्या सालीत उतरतात, तिथल्या पेशी भराभर वाढतात आणि गाठ धरते. भुईमूग हे सोपस्कार पाळत नाही; उपमूळ फुटताना पडलेल्या भेगेतूनच त्याच्याकडचे जिवाणू आत शिरतात.

आत गेल्यावर खरी अडचण पुढे येते. नायट्रोजन फोडणारं विकर नायट्रोजिनेज, लोह आणि मॉलिब्डेनम पोटात बाळगणारं. प्राणवायू लागला की ते कायमचं निकामी होतं. पण या कामाला ऊर्जा प्रचंड लागते, नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीतलं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीचे किमान सोळा रेणू, आणि ती ऊर्जा मिळवायला जिवाणूला श्वास घ्यावाच लागतो. प्राणवायू हवा आणि नकोही. यावर झाडाचा तोडगा म्हणजे तो गुलाबी रंग. लेगहिमोग्लोबिन हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं प्रथिन प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूंना मोजून मापून देतं. म्हणून गाठ आतून गुलाबी म्हणजे कामावर, हिरवट-तपकिरी म्हणजे निवृत्त. गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि अलगद निघते, हेही लक्षात ठेवावं. मूळच जागोजाग सुजल्यासारखं दिसत असेल आणि ती सूज सुटी होत नसेल, तर तो सूत्रकृमींचा उपद्रव. त्यावर खूश होण्यात अर्थ नाही.

या संसाराला सगळे ‘सहजीवन’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण व्यवहार रोखठोक आहे. झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतो. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीची हवा बदलून नायट्रोजन काढून घेतला. बिचाऱ्या जिवाणूंकडे द्यायला काहीच उरलं नाही. २००३ साली छापलेला निकाल असा, की झाडानं त्या गाठींचा प्राणवायू आखडला आणि आतल्या जिवाणूंची वाढ खुंटली. उलट जमिनीत फुकटचं नत्र मुबलक असेल तर झाड गाठी धरण्याच्या भानगडीत फारसं पडत नाही. म्हणूनच हरभऱ्याला पेरताना हेक्टरी २५ किलोच्या आसपास नत्र पुरेसं होतं. वरून युरिया फेकणारा शेतकरी स्वतःच्या पैशानं गाठींना सुट्टी देतो.

प्रत्येकाचा जिवाणूही ठरलेला. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचं बरंचसं जमून जातं, हरभऱ्याचा वेगळा. सोयाबीन तर परदेशातून आलेलं पीक. त्याचा ब्रॅडिरायझोबियम आपल्या रानांत बहुतेक ठिकाणी नव्हताच, तो बियाण्याला चोळून आणावा लागला. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून, मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. आत जिवंत माल आहे हे मात्र विसरलं जातं. एका दुकानात मी ही पाकिटं जूनच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली खोक्यात भाजताना पाहिली आहेत. रॉथॅमस्टेडचाच प्रयोग, विनामूल्य.

शेंग आली म्हणजे गाठी आल्याच, असंही नाही. चिंच आणि बहावा शेंगा धरतात, गाठी नाहीत. दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तो आपटाही त्यातलाच. त्याच दिवशी जिची पूजा होते त्या शमीच्या मुळांवर मात्र गाठी सापडतात.

आता बेवडाचा हिशेब. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिन चाळीस टक्क्यांच्या घरात, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ६ किलो नत्र. दहा क्विंटल माल बाजारात गेला की ६० किलो नत्र गाडीत बसून गेलं. ४५ किलोच्या युरियाच्या जवळजवळ तीन गोण्या. सोयाबीन हवेतून आपल्या गरजेच्या साधारण निम्मं किंवा थोडं अधिक घेतं, उरलेलं जमिनीतूनच उपसतं. दाणे भरू लागले की गाठीही म्हाताऱ्या होतात आणि झाडातलं नत्र शेंगेकडे धावतं. तेव्हा देणगी मिळते ती मुख्यतः आपल्या वरणाला. रानाला मिळतं ते गळलेला पाला, मुळं, धसकटं, आणि ज्वारीसारख्या पिकानं जे नत्र उचललं असतं त्यातलं न उचललेलं काही.

मामांचा मूग यात सरस ठरायचा तो म्हणूनच. ते शेंगा तोडून घेत आणि हिरवी झाडं वखरानं मातीत मिसळून टाकत. तूर उभ्या उभ्या पानं गाळते, तोही लाभच. उसाआधी ताग किंवा धैंचा गाडणारे तर दाण्याची आशाच ठेवत नाहीत. हरभऱ्याचं उलट आहे. पहाटे दव असताना, घाटे फुटू नयेत म्हणून तो मुळासकट उपटायची आमच्याकडे रीत. मुळं खळ्यावर जातात आणि भुसा गुरांपुढे. शेण रानात परतलं तर ठीक, नाहीतर हिशेब कोरडाच. फुले विक्रमसारखे उंच वाण यंत्रानं कापता येतात, त्यात मुळं जमिनीतच राहतात.

मागच्या फेब्रुवारीत मी मामांना म्हटलं, ‘मामा, यंदा उपटू नका. विळ्यानं बुडाशी कापून बघू, बेवड सुधारेल.’

त्यांनी हातातलं हरभऱ्याचं झाड झटकलं. ‘काप की,’ ते म्हणाले. ‘पण वाकायला तू ये.’