ताटावरून दया ओळखता येते का?

नाथषष्ठीला पैठणमध्ये गोदाकाठी दिंड्या उतरतात. गळ्यात तुळशीची माळ पडली की मासमच्छी सुटली, हा माळकऱ्यांचा नेम. शेजारच्याच नाथसागरावर मासे धरून कितीतरी घरे चालतात. ही दोन ताटे पाहून माणसांच्या मनाबद्दल जे निष्कर्ष काढले जातात, ते तपासायला हवेत.

गैरसमज : शाकाहारी माणूस मुळातच दयाळू.

वस्तुस्थिती : पैठणची परंपराच वेगळे सांगते. संन्याशाची पोरे ठरलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी इथल्या ज्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, तो मांसाला शिवत नव्हता. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले म्हणून एकनाथांवर (1533–1599) रुष्ट झालेलेही शाकाहारीच होते. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती करणारे आणि तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे पोर उचलून घेणारे नाथही शाकाहारीच. ताट दोन्हीकडे सारखेच होते.

गैरसमज : मांस खाणाऱ्याला जनावराची माया नसते.

वस्तुस्थिती : धनगर मेंढरे विकून जगतो आणि मटणही खातो. पण वाटेत मेंढी व्याली, तर चालता न येणारे कोकरू तो उचलून पुढच्या मुक्कामापर्यंत नेतो. लांडग्याच्या भीतीने वाड्यावर रात्रभर जागाही तोच राहतो.

गैरसमज : मांसाने माणूस निष्ठुर होतो, हे मेंदूच्या तपासणीत सिद्ध झाले आहे.

वस्तुस्थिती : 2010 साली इटलीतल्या संशोधकांनी 20 मांसाहारी, 19 शाकाहारी आणि 21 वीगन (दूधदुभतेही न खाणाऱ्या) व्यक्तींना माणसांच्या व प्राण्यांच्या यातनांची चित्रे दाखवली. मांस न खाणाऱ्यांच्या मेंदूतील सहवेदनेशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. पण हळव्या मनामुळे मांस सुटले की मांस सुटल्याने मन हळवे झाले, हे त्यातून कळत नाही. शिवाय माणसे अवघी साठ.

गैरसमज : म्हणजे आहाराचा आणि सहवेदनेचा काहीच संबंध नाही.

वस्तुस्थिती : तसेही नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना वाळवलेले मांस, तर काहींना काजू खायला दिले. मांस खाल्लेल्यांनी आपल्या काळजीच्या यादीत कमी प्राणी धरले. खाताना मन आपल्या सोयीने नजर वळवते.

ती नजर जागी ठेवता येते. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरे कापता येत नाही. गाभण जनावर तर कापताच येत नाही. हे पाळले जाते का, एवढे मटण घेणाऱ्याने जरूर विचारावे. आणि मटण न खाणाऱ्याने आपल्या पंगतीत कोणाला अजून जागा नाही, तेही पाहावे.