घरचं दुखणं (लेखांक ९) : करणाऱ्याचं कोण करणार?

एप्रिल २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याला भावाच्या घरी एका बंद दारासमोर स्टूल टाकून मी वही भरत होते. दाराच्या आत वहिनी होती. अंगात ताप, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. दादा दोन दिवस आधीच कोविड सेंटरला दाखल झाला होता. आणि पुढच्या खोलीत आई. तिची उजवी बाजू लुळी पडून तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि ती तीन वर्षं तिचं सगळं वहिनीच करत होती. जिल्हाबंदी होती, पण घरातलं गंभीर आजारपण हे कारण ई-पासाला चालायचं, म्हणून मी पुण्याहून पोचू शकले. दिवसाला येणारी ब्युरोची मावशी आमच्या घरात पेशंट निघाल्याचं कळताच यायची थांबली होती. तिलाही घरी दोन लहान पोरं. तिला मी तेव्हाही बोल लावला नाही.

‘ताई, लिहा,’ आतून आवाज. ‘सकाळी सातला बीपीची. निळ्या झाकणाच्या डबीत आहे. अख्खी नाही हं, अर्धी. मी कापून ठेवल्यात.’ मग खोकल्याची उबळ. ‘नुसतं पाणी पाजू नका, ठसका लागतो. दाट करून, पेजेसारखं, चमच्यानं. बसतं करून, हनुवटी थोडी खाली. पाजल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि कूस दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा, बारा, दोन, चार. मी गजर नाही लावत, मला जाग येते. तुम्ही लावा.’

मी गजर लावला. महिन्यातून दोनदा चिकू नि संत्री घेऊन येणारी लेक मी. सख्ख्या आईची गोळी अर्धी असते, हे मला दाराआडून कळलं.

गेल्या आठवड्यात आपण ऑक्सिमीटर कसा वाचायचा नि पालथं झोपवण्याची पद्धत पाहिली. दोन्हीकडे रुग्ण मध्यभागी होता. आज त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाबद्दल.

आपल्याकडे बोलताना ‘शुश्रूषा’ कुणी म्हणत नाही. ‘तिनं सासूचं फार केलं,’ असं म्हणतात. ‘करणं’ या एका क्रियापदात अंघोळ, डायपर, औषधं, भरवणं, डॉक्टरांशी बोलणं, बिलं आणि रात्रीचं जागरण असं सगळं येतं. क्रियापद आहे, पण ते करणाऱ्याला नाव नाही. सरकारी कागदावर ‘काळजीवाहक’ असतं, ते कानाला पोस्टमनसारखं लागतं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द मला आवडतात, कारण त्यात दोघांनाही नाव मिळतं.

आता नियम काय होता ते पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २७ एप्रिल २०२० ला अतिसौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच विलग ठेवायला परवानगी दिली. त्यातल्या अटींत एक अट अशी होती की, रुग्णाजवळ चोवीस तास काळजी घेणारी व्यक्ती हवी आणि तिचा रुग्णालयाशी सतत संपर्क हवा. त्या व्यक्तीनं काय करायचं याची यादी तपशीलवार होती. तीन पदरी मास्क, चाळीस सेकंद हात धुणं, हातमोजे, रुग्णाची भांडी वेगळी, रोज ताप मोजणं. पुढं २०२१ मध्ये रेमडेसिव्हिर घरी देऊ नये, हेही आलं. सगळं योग्य होतं. पण चोवीस तासांची ही ड्युटी किती दिवस, आणि तीच व्यक्ती आजारी पडली तर पुढं कोण, याला उत्तर नव्हतं. रुग्णालयात परिचारिकेची पाळी संपते, दुसरी येते, दोघी मिनिटभर पलंगापाशी उभ्या राहून ‘हे झालं, हे राहिलं’ सांगतात. घरात पाळी बदलत नाही, म्हणून ते सांगणंही कधी होत नाही. आमच्याकडे ते झालं, पण तापात आणि दाराआडून.

१५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. घरोघरी पथकं गेली, ताप, ऑक्सिजन, मधुमेह-रक्तदाबासारख्या सहव्याधी नोंदल्या गेल्या. मोहिमेनं आजार लवकर सापडायला मदत झाली, यात वाद नाही. पण या घोषणेतलं ‘माझी’ म्हणजे घरातलं नक्की कोण, हे बहुतेक घरांत मोहिमेच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं साथीच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातल्यांची विनामोबदला देखभाल (मुलांचंही त्यात आलं) करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ७६. स्वयंपाक-धुणं-भांडी वेगळी, तिथं २९९ विरुद्ध ९७. टाळेबंदीत मावशी, ब्युरो, फिजिओथेरपिस्ट, शाळा, पाळणाघर हे सगळं एकदम बंद झालं आणि त्यांचंही काम याच मिनिटांत येऊन पडलं.

मदत मुळीच नव्हती असं नाही. २५ मार्च २०२० ला दूरवैद्यकाचे नियम आले, त्यामुळं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न हलवता डॉक्टरांचा सल्ला घेता यायला लागला. पाठोपाठ ई-संजीवनी ओपीडी आली. अपंग व्यक्तींकडे जाणाऱ्या मदतनीसांना टाळेबंदीत अडवू नये, पास सोप्या रीतीनं द्यावा, अशी केंद्राची सूचना मार्च २०२० मध्येच निघाली होती. ती नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोचली होती का, हा वेगळा प्रश्न. सामाजिक न्याय मंत्रालयानं वृद्धांसाठीच्या सूचनांत काळजी घेणाऱ्यांचा स्वतंत्र भाग केला होता. काठी, वॉकर, व्हीलचेअर, बेडपॅन पुसून घ्या, इतक्या बारकाव्यानं. मनावरच्या ताणासाठी ‘किरण’ हेल्पलाइन सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन देशभर सुरू झाली १ ऑक्टोबर २०२१ ला आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. तरी हे दोन नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. करणाऱ्यानंही तिथं फोन करायला हरकत नसते. ‘मला काही झालेलं नाही, मी फक्त दमलेय’ हे कारण पुरेसं आहे.

या विषयातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं, आणि साथीच्या बरंच आधी. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या ८१ कुटुंबांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांकडे सहा महिने नियमित एक सल्लागार जात असे. ही सल्लागार डॉक्टर नव्हे. कोकणी बोलणारी, थोडं प्रशिक्षण घेतलेली, गरज लागली तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारणारी. ती आजार समजावून सांगे, रात्री आरडाओरडा केला तर काय करायचं ते सांगे, सरकारी योजनांची माहिती देई, अशाच दुसऱ्या घराशी ओळख करून देई. मुख्य म्हणजे ती ऐकून घेई. सहा महिन्यांनी अशा घरांतल्या काळजी घेणाऱ्यांची मानसिक स्थिती इतर घरांपेक्षा स्पष्टपणे सुधारलेली दिसली. यात महागडं काय आहे? पंधरवड्यातून एकदा दाराशी येणारं आणि ‘तुमचं कसं चाललंय?’ असं विचारणारं माणूस. आपल्याकडे आशाताई दारापर्यंत येतातच, पण साथीत त्यांच्यावर सर्वेक्षणापासून लसीकरणापर्यंत इतकं लादलं होतं की आणखी एक काम सांगायला जीभ रेटत नाही. त्यासाठी वेगळी माणसं नि वेगळं मानधन लागेल.

पैशाचं म्हणाल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचं करणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले आहेत. सहाशेत महिन्याचे डायपरही येत नाहीत. पण सरकारच्या फायलीत रुग्णासोबत करणाऱ्याचंही नाव चढतं, आणि नाव चढल्याशिवाय पुढची कुठलीच मागणी करता येत नाही.

हे सरकारचं झालं. घरात काय करता येईल?

वही. साधी शंभरपानी, मोबाइलमधली नव्हे, कारण मोबाइल त्या माणसाबरोबर रुग्णालयात जातो. औषधांची नावं, वेळा, अर्धी की अख्खी, उपाशीपोटी की जेवून. कुठल्या औषधाची अॅलर्जी. डॉक्टर, मेडिकलवाला, रुग्णवाहिका १०८. हे सगळे लिहितात. न लिहिलं जाणारं जास्त महत्त्वाचं असतं: काय दिलं की ठसका लागतो, अंघोळीला कधी तयार होते, कुठल्या कुशीवर दुखतं, दुखतं हे ती कशी सांगते. आमच्या आईला बोलता येत नाही. दुखलं की ती डाव्या हातानं चादरीचं टोक चुरते. हे वहिनीनं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर दोन दिवस आई चादर चुरत होती आणि मी ती नीट करत होते.

दुसरं, वही लिहून माणूस तयार होत नाही. आठवड्यातला एक अर्धा दिवस दुसऱ्या कुणीतरी हातानं करावं, आणि करणाऱ्यानं त्या वेळात घरात थांबू नये. थांबलं की ‘असं नाही, अशी उचल’ सुरू होतं. दुसरा चुकेल. चादरीला सुरकुती राहील. राहू दे.

तिसरं, लांबच्यांसाठी, आणि यात मीही आले. न्यू जर्सीहून किंवा कोथरूडहून काढ्याच्या चित्रफिती पाठवणं म्हणजे मदत नव्हे. लांबून होणारी पुष्कळ कामं आहेत: औषधं मागवणं, वीजबिल, विम्याचे कागद, डॉक्टरांची वेळ, ब्युरोशी बोलणी. यातलं एखादं काम कायमचं उचला, आणि दर वेळी ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. सांगणं हेसुद्धा तिच्यावर पडलेलं आणखी एक काम असतं. आमच्याकडे अमेरिकेतली भाची रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर आजीला जुनी गाणी ऐकवते. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात वहिनी गच्चीवर जाते.

झोप सलग चार तासही मिळत नसेल, रुग्णावर हात उगारावासा वाटला असेल, स्वतःची बीपीची गोळी चुकत असेल, तर ते कमीपणाचं लक्षण मानू नका. हात उगारावासा वाटणं ही बोलून दाखवायची गोष्ट आहे, टेली-मानसचा नंबर वर दिलाच आहे.

वहिनी बरी झाली, दादाही घरी आला. मी परत निघाले तेव्हा वही स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून आले, ती अजून तिथंच आहे. पुढच्या आठवड्यात घरपोच मिळणाऱ्या साहित्याबद्दल: एअर बेड, कॉन्सन्ट्रेटर, काय विकत घ्यावं नि काय भाड्यानं. तोवर एक काम करा. घरात कुणाचं करावं लागत असेल तर आज एक वही घाला, आणि पहिल्या पानावर, औषधांच्याही आधी, उद्या सकाळी तुमच्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव लिहा. त्या माणसाला विचारून.