भरमारीची गोळी आणि धानातले चितळ

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात एक तरतूद आहे. पीकसंरक्षणाच्या खऱ्या कारणासाठी कोणी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो द्यावा असे ते कलम म्हणते. पण लगेच पुस्ती जोडते की, एखाद्या प्रकरणी ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल. 'पुरेशी' म्हणजे किती अंतरावर, कोणत्या जनावराला आणि मारायला की नुसती पळवून लावायला, हे कायदा सांगत नाही. कायद्याला ते सांगण्याची गरज वाटली नसावी. मला मात्र या एका शब्दाने बरीच वर्षे गुंतवून ठेवले, कारण भंडारा जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावांचा आणि तिथल्या शिकाऱ्यांच्या नावलौकिकाचा बराचसा इतिहास त्या शब्दात अडकलेला आहे.

आमच्याकडे या बंदुकीला भरमार म्हणतात. भरायची आणि मारायची ती भरमार, असा साधा लोकार्थ. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा, आणि गजाने सगळे ठासायचे. मागच्या बाजूला टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी कानातून आत जाते आणि बार उडतो. दुसरा बार भरायला सरावाच्या माणसालाही अर्धे मिनिट लागते, रात्री मचाणावर त्याहून जास्त. चितळ तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून भरमार ही एका गोळीची बंदूक आहे, आणि सगळा हिशोब त्या एका गोळीचा आहे.

कार्तिकात धान भरात आला की साकोली, लाखनी, पवनीकडच्या जंगलकाठच्या बांध्यांमध्ये रात्री जनावरे उतरतात. चितळ, कधी सांबर, रानडुक्कर, आणि रोही. रोही हरणाच्या कुळातला नाही, पण पीक खाताना तो कूळ पाहत नाही. धुऱ्यावर शेकोटी आणि जागल, कनस्तर बडवणे, आरोळ्या हे उपाय जुनेच. ज्याच्या घरी परवाना असे त्याच्याकडे भरमार असे. नागझिरा आणि नवेगावबांध ही नावे मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्यामुळे परिचित आहेत. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती तिकडे गेली. त्याआधी हा सगळा मुलूख भंडाऱ्याचाच होता, आणि जंगलाला जिल्ह्याची सीमा आजही ठाऊक नाही.

आता गोळीकडे येऊ. ठासणीच्या बंदुकीची गोळी म्हणजे शिशाचा गोल. शिसे पाण्याच्या सव्वाअकरा पटींहून थोडे जड, मऊ, आणि चुलीवर वितळणारे. म्हणून गावातला माणूस घरच्या घरी साच्यात गोळी ओतू शके. नळीची जाडी मोजण्याची जुनी इंग्रजी रीतही या गोलावरच उभी आहे : एक पौंड शिशाचे बारा सारखे गोल केले, तर त्यातला एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. असा गोल साडेअठरा मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ३८ ग्रॅमचा. चोवीस बोअरचा पावणेपंधरा मिलिमीटरचा आणि १९ ग्रॅमचा. बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. हे उलटे गणित नवख्याला हमखास चकवते.

या गोलाचा एक गुणधर्म नीट समजला तर पुढचे सगळे समजते. व्यास निम्मा केला की वजन निम्मे होत नाही, एक अष्टमांश होते. हवेला भिडणारा दर्शनी भाग मात्र फक्त एक चतुर्थांश होतो. म्हणजे लहान गोलाच्या मागे त्याच्या तोंडाच्या मानाने कमी वजन उरते. हवा त्याला लवकर थोपवते, आणि मांस व हाडही. चौदा मिलिमीटरची गोळी १६ ग्रॅमची, सात मिलिमीटरचा छर्रा जेमतेम २ ग्रॅमचा. एका गोळीऐवजी आठ छर्रे घातले तर शिसे तेवढेच, लागण्याची शक्यता जास्त, पण प्रत्येकाची आत शिरण्याची ताकद कमी. भेडकीसारख्या वीस-पंचवीस किलोच्या जनावराला जवळून ते पुरते. सत्तर-ऐंशी किलोच्या चितळ नराला क्वचित, आणि दोन-अडीचशे किलोच्या सांबराला नाहीच. शिसे संपले की खिळ्यांची टोके, सायकलचे छर्रे घालत. लोखंड शिशापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने हलके आणि हाडावर आदळूनही न चपटणारे. असा बार म्हणजे जनावर जखमी करण्याची खात्री आणि मारण्याची अनिश्चिती.

गोल गोळी वेगाने निघते आणि वेगानेच थकते. चांगली दारू आणि नळीत घट्ट बसलेली साडेबारा-तेरा मिलिमीटरची गोळी असेल, तर नळीच्या तोंडाशी सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास वेग मिळू शकतो. शंभर मीटरवर त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेलेला असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजतात, म्हणून मारक शक्ती निम्म्याहून अधिक संपलेली असते. शिवाय गोळी पडत जाते. मी केलेल्या ढोबळ हिशोबात पन्नास मीटरवर ती सहा-सात सेंटीमीटर खाली येते, शंभर मीटरवर सुमारे तेहतीस, म्हणजे जवळपास दीड वीत. चितळाच्या छातीची उंची फार तर दोन विती. पन्नास मीटरवर फुप्फुसाच्या मधोमध धरलेला नेम तिथेच लागेल. शंभरावर तोच नेम छातीच्या तळाशी घासेल किंवा पाय मोडेल. काळोखात पन्नास आणि शंभर यांतला फरक कोण सांगणार?

आणि हा हिशोब चांगल्या बंदुकीचा. एका जुन्या मालगुजाराच्या वाड्यात अडगळीला पडलेली भरमार मी पट्टी लावून पाहिली. नळीचे तोंड साडेपंधरा मिलिमीटर, सोबतच्या साच्यातली गोळी चौदा. दीड मिलिमीटरची ही फट निष्काळजीपणाची नाही. काळ्या दारूची निम्म्याहून जास्त राख घन रूपात मागे उरते. दोन-चार बारांनंतर नळी आतून अशी माखते की घट्ट गोळी उतरतच नाही. म्हणून गोळी लहान ओतायची. त्याची किंमत अशी की वायू फटीतून निसटतो, वेग घटतो, आणि गोळी नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर पडते. शेवटचा आपटा ज्या बाजूला, त्यानुसार ती स्वतःभोवती गिरकी घेते, आणि त्या गिरकीमुळे हवेत वळते. हे प्रथम नीट मांडले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने, १७४२ च्या आपल्या तोफशास्त्रावरील ग्रंथात. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी सरळ का जात नाही हे जाणणारा माणूस या देशाच्या मातीत आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

उपाय रॉबिन्सलाही ठाऊक होता : नळीत पीळदार खाचे पाडायचे, गोळीला ठरावीक दिशेची गिरकी द्यायची. हीच रायफल. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रायफलीने गोल गोळी सोडली आणि लांबट गोळी धरली. १८५७ मुळे सर्वांना माहीत झालेली एनफील्ड ही अशीच ठासणीची रायफल. तिची गोळी ५३० ग्रेन, म्हणजे ३४ ग्रॅम, व्यास साधारण साडेचौदा मिलिमीटर, आणि नळीत ७८ इंचांत एक फेरा. सैन्याला ती सोयीची होती. लांबट गोळी वेग टिकवते, दूरवर माणसाला पाडते. तिच्या काडतुसाच्या चरबीची कथा मी इथे पुन्हा सांगत नाही.

जंगलात मात्र तिची पंचाईत झाली, आणि ती ज्याने नेमकी मांडली तो आपल्याच शेजारी, मध्य प्रांतात नोकरीला होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचे सातपुड्यावरचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली निघाले, त्याच वर्षी तो वारला. पचमढीशी त्याचे नाव जोडलेले आहे म्हणून हे पुस्तक लोक वाचतात. त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले होते, ते फारसे कोणी वाचत नाही. (टोपीने पेटणाऱ्या बंदुकीचे मूळ ज्याच्याकडे जाते तो पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ निराळा. त्याचे पेटंट १८०७ चे.) आपल्या फोर्सिथचे म्हणणे थोडक्यात असे. लांबट गोळीला स्थिर राहायला जोराचा पीळ लागतो. व्हिटवर्थ रायफलीत तर तो वीस इंचांत एक फेरा होता. जोराच्या पिळात भरपूर दारू घातली तर मऊ शिसे खाच्यांवरून घसरते. म्हणून दारू कमी, वेग कमी, आणि वाट कमानीसारखी. जंगलात नेम चुकतो तो बहुधा अंतराचा अंदाज चुकल्याने, आणि कमान जितकी उंच तितकी ही चूक महाग. उलट गोल गोळीला अगदी सौम्य पीळ पुरतो, शंभर इंचांच्या आसपास एक फेरा. मग दारू हवी तितकी घाला, घसरत नाही, आणि शंभरेक यार्डांपर्यंत वाट जवळजवळ सपाट.

दुसरा मुद्दा जखमेचा. चौदा बोअरची गोल गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, एनफील्डच्या गोळीच्या जवळपास वजनाची. पण व्यास साडेसतरा मिलिमीटर, म्हणजे तोंड दीडपट. त्यात ती वेगात, आणि आदळताच चपटणारी. टोकदार गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाते, रुंद गोळी वाटेतले सगळे फाडते, असा त्याचा अनुभव. मला फोर्सिथचे हे विवेचन पटते, पण त्यातला एक भाग तो झाकून ठेवतो : हे सारे पीळदार, नामांकित कारागिराने घडवलेल्या, साहेबाला परवडणाऱ्या रायफलीबद्दल आहे.

हरणाच्या अंगात नेमके काय घडते तेही पाहिले पाहिजे. ठासणीची गोळी हरणाला धक्क्याने पाडत नाही. मेंदू किंवा मणका सापडला तरच ते जागीच कोसळते. एरवी ते मरते रक्तस्रावाने, किंवा फुप्फुसे निकामी होऊन. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या निम्म्या भागात बसलेली गोळी हेच काम करते, आणि तरीही चितळ पन्नास-शंभर मीटर धावून मगच पडते. मऊ गोळी फासळ्या ओलांडताना नाण्यासारखी चपटते आणि पुष्कळदा पलीकडच्या कातड्याखाली अडकते. शक्ती सारी आतच खर्ची पडली म्हणून हे चांगले. पण बाहेर पडण्याचे दुसरे भोक नाही, म्हणून रक्ताचा माग तुटपुंजा. कार्तिकातले कमरेइतके गवत, दव, आणि कंदिलाचा उजेड. नीट लागलेले जनावरही अशा वेळी सापडत नाही. पोटात लागलेले तर मैलोगणिक जाते आणि दोन-तीन दिवसांनी नाल्यात मरते.

इंग्रज शिकाऱ्यांच्या लेखनात देशी शिकाऱ्याबद्दल एक तक्रार पुन्हा पुन्हा येते : हा माणूस पाणवठ्यावर दबा धरून बसतो, अगदी जवळून मारतो, नर-मादी पाहत नाही, आणि जखमी जनावरे सोडून देतो. यातले नर-मादीचे खरे असेल. पण जवळून मारणे हा दोष कसा? गुळगुळीत नळी, सैल गोळी, घरची दारू. तुरीच्या काड्यांचा कोळसा उत्तम, सोरा बेताचा, आणि पावसाळ्यात सगळेच सर्द. अशा हत्याराने जनावर घायाळ न सोडता मारायचे तर तीस-चाळीस पावलांवर जाण्यावाचून मार्ग नव्हता. पाणवठ्यावर बसणारा गोंड किंवा ढिवर शिकारी फोर्सिथचे गणित न वाचताच पाळत होता. जो जागली धुऱ्यावरून बांधीच्या पलीकडच्या टोकाला हलणाऱ्या सावलीवर बार टाकी, जखमी जनावरे बहुतांशी त्याच्या खात्यावर जमा होत असणार. आणि त्याच्या हाती ती बंदूक देऊन तसे करायला परवानगी देणारे सरकारच होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुका परवान्याखाली आणल्या. पीकसंरक्षणाचे परवाने त्या चौकटीतले, आणि १९५९ च्या कायद्याने तोच विचार पुढे चालवला. शेतकऱ्याच्या हाती कमी पल्ल्याची, सावकाश भरायची बंदूक असावी, हे राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. ती ठेवण्याचे कारण माणसाचे भय होते. हरणाचा विचार त्यात कुठे दिसत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र बदलले, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी हौशी शिकारही संपली. आज चितळावर भरमार रोखणे हा गुन्हा आहे, पीक कितीही खाल्ले तरी. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांपुरती परवानगी अकराव्या कलमाखाली देता येते, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने, शेतकऱ्याच्या मनाने नव्हे. वर्तमानपत्रात 'भरमार बंदूक जप्त' अशी बातमी अधूनमधून येतेच. त्याहून जास्त बातम्या आता कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेच्या येतात, आणि त्या तारेत चितळ, वाघ, बैल आणि माणूस सारखेच सापडतात.

भंडारा शहराजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तोफांसाठी प्रणोदक तयार होते. तिथून तासाभराच्या वाटेवर, धानाच्या बांधीत, ज्याच्याकडे अजून परवान्याची भरमार आहे तो शेतकरी रात्री नळीत नुसती दारू आणि चिंधी ठासतो आणि आभाळाकडे बार काढतो. कळप जंगलात परततो, आणि एक-दोन तासांनी पुन्हा बांधीत उतरतो.