वीस मिनिटांत रंगांचा सराव



पाड्यांवर काढलेली छायाचित्रे आपण अंकात पाहता. कॅमेऱ्यातून ती तशीच्या तशी छापखान्यात जात नाहीत. कोणीतरी त्यांचा उजेड व रंग बसवलेला असतो. या कामाला कलर ग्रेडिंग म्हणतात. ते शिकण्याची एक बिनखर्चाची आणि आनंदाची पद्धत येथे मांडतो. मंडळीतील तरुण संघाला ती सहज जमेल.

आम्ही सहा मित्र वेगवेगळ्या गावी राहतो. महिन्यातून दोन शनिवारी, रात्री आठ वाजता, एक जण सर्वांना एकच छायाचित्र पाठवतो. वेळ वीस मिनिटे. प्रत्येकाने आपल्या परीने रंग बसवून ते परत पाठवायचे. मग व्हिडिओ कॉलवर सहाही चित्रे शेजारी ठेवून पाहायची. क्रमांक नाही, बक्षीस नाही. काय बदलले आणि का, एवढेच प्रत्येकाने सांगायचे.

वेळेचे बंधन कशासाठी? आपला डोळा रंगाला लवकर सरावतो. पिवळट झालेले चित्र बराच वेळ पाहिले, की तेच बरोबर वाटू लागते. वेळ मोजकी असली म्हणजे आधी काय महत्त्वाचे, हे ठरवावे लागते.

व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीप्रमाणे पाठवला तर तो दाबला जाऊन त्यातील बारकावे जातात. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. शक्य असेल तर रॉ फाइल वापरावी. साध्या जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे सावलीतला चेहरा उजळता येतो, डाग न पडता. संगणकावर डार्कटेबल आणि फोनवर स्नॅपसीड ही दोन्ही साधने मोफत आहेत.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम व्हाइट बॅलन्स. दुपारचे ऊन साधारण ५५०० केल्विन, साधा पिवळा दिवा २७०० च्या आसपास, तर मोकळ्या आकाशाखालची सावली ७००० च्या पुढे. म्हणून ओसरीच्या सावलीतला फोटो निळसर येतो. चित्रातले पांढरे धोतर किंवा टोपी पाहून तो निळेपणा काढावा. दुसरे, उजेड. तो दाराबाहेरच्या उन्हावरून नव्हे, चेहऱ्यावरून ठरवावा. तिसरे, काळोख आणि उजेड यांतला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट. शेवटची पाच मिनिटे रंगाच्या छटेसाठी: सावल्यांना किंचित गारवा, उजेडाला किंचित ऊब. इथे हात आवरता आला, तर बरेच काही साधले.

सर्वांत कठीण भाग त्वचेच्या रंगाचा. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या मापाने सावळे चेहरे अनेकदा काळवंडून, बारकावे हरवून येत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९० च्या दशकात आले. आज अनेक फोनमधला ‘ब्यूटी मोड’ चेहरा आपोआप गुळगुळीत आणि उजळ करतो. साधन बदलले, तरी गोरेपणाकडचा कल पुरता गेलेला नाही.

एका शनिवारी नाचणी पाखडणाऱ्या आजींचे चित्र आले. मदतीच्या आवाहनासोबत ते छापायचे होते. सहांपैकी दोन चित्रांत आजी गोऱ्या झाल्या होत्या. एकात सारे रंग उतरवून चित्र राखेसारखे केले होते. तसे करणाऱ्याचे म्हणणे, “असे दिसले तरच लोकांना कळवळा येईल.” यावर घड्याळ बाजूला ठेवून बराच वेळ बोलणे झाले. आजींच्या लुगड्याचा लाल रंग खरा होता, कुडाच्या भिंतीचा मातकट रंग खरा होता, आणि त्या हसत होत्या. छायाचित्र ही साक्षच असते; गोरे करणे आणि दीनवाणे करणे, दोन्हीही त्या साक्षीत भेसळ घालतात. शेवटी तपकिरी कांती आणि लाल लुगडे राखलेले चित्र निवडले.

तेव्हापासून प्रत्येक फेरीत एक प्रश्न ठरलेला आहे: हे चित्र त्याच माणसाच्या हाती दिले, तर तो म्हणेल का, “हो, हा मीच”?

आपणही तिघाचौघांनी सुरुवात करावी. ज्यांनी आनंदाने परवानगी दिली, त्यांचीच छायाचित्रे घ्यावीत. मुलांचे चेहरे सरावासाठी फिरवू नयेत. मूळ फाइल नेहमी जपून ठेवावी. आणि पहिल्या शनिवारी माणसाऐवजी आपल्याच अंगणातले झाड घ्यावे. हिरव्याच्या किती छटा असतात, हे वीस मिनिटांत कळेल.