फरक खरा की योगायोग?

डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात विल्यम गॉसेट यांच्या हाती जवाचे नमुने यायचे मोजकेच. इतक्या थोड्या आकड्यांच्या सरासरीवर कितपत विसंबायचं? उत्तर त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं.

त्याच लेखातलं उदाहरण पाहा. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधं दिली. एकाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३. फरक १.५८ तासांचा. पण नुसत्या सरासरीवर भाळू नये. एका रुग्णात हा फरक शून्य होता, तर दुसऱ्या एकात तब्बल ४.६ तास! म्हणून आधी धरून चालायचं की दोन्ही औषधं सारखीच. मग सरासरी फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने (नमुना बदलला तर ही सरासरी साधारण किती हलेल, याच्या मापाने), म्हणजे इथे सुमारे ०.३९ ने, भागायचं. येतात ४.०६. औषधं खरंच सारखी असती, तर एवढा फरक केवळ योगायोगाने हजारात तीनेक वेळाच दिसला असता. तेव्हा ‘सारखीच’ हे गृहीतक सोडावं लागतं.

दुसरं औषध सरस असण्याची शक्यता ९९.७ टक्के, असा अर्थ मात्र सर्रास काढला जातो आणि तो साफ चूक आहे.

इथे प्रत्येक रुग्णाची तुलना स्वतःशीच झाली, हे फार मोलाचं. तेच वीस आकडे दोन वेगळ्या गटांचे मानले, तर ४.०६ चे १.८६ होतात आणि तोच फरक योगायोगात खपून जातो.