दोन क्लचची गाडी जाममध्ये का तापते?

मघाशी कोणीतरी विचारलंत, दोन क्लचची ऑटोमॅटिक जाममध्ये का तापते? बघा, एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, म्हणून झटका बसत नाही. पण क्लच शेवटी घासणाराच! मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी धरली की पाय दुखतो, आपण सोडतो. इथे तो पाय कॉम्प्युटरचा, त्याला कुठलं दुखणं! २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये हे क्लच तेलात होते. २००८ मध्ये कंपनीने लहान इंजिनांसाठी कोरडे आणले. त्यांना गार करायला फक्त हवा. म्हणून घाटात वाहतूक अडली की इंच-इंच सरकू नका. ब्रेक नीट दाबून थांबा, म्हणजे क्लच सुटतो; पुढे गाडीभर जागा झाली की निघा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं तर अजिबात नको.