घर विकताना भाव कोणी ठरवायचा?

आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून मिळवलेले दिंडोशीतले घर विकायची वेळ आपल्या अनेक कुटुंबांवर येते. गिऱ्हाईक दारात येते आणि नेमका तेव्हाच आपला माणूस कचरतो. त्यासाठी आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट कागदाची. म्हाडाच्या किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराला ठरावीक वर्षे विक्रीबंदी असते. ती मुदत संपली आहे का आणि परवानगी कोणाची लागते, हे आधी विचारून घ्यावे. कागद अपुरा असेल तर गिऱ्हाईक त्याच बोटाने भाव पाडते.

दुसरी गोष्ट भावाची. २०२२ साली मेट्रोचे दिंडोशी स्थानक सुरू झाले, हे गिऱ्हाईकालाही ठाऊक आहे. शेजारच्या इमारतीतील नोंदणी झालेल्या व्यवहारांचे ‘इंडेक्स टू’ पाहावेत. मग दोन आकडे ठरवावेत, एक मागायचा आणि एक ज्याच्या खाली उतरायचे नाही. दुसरा आकडा घराबाहेर जाऊ देऊ नये. लेकीचे लग्न किंवा डोक्यावरचे कर्ज दलालापाशी बोलू नये. आपली घाई कळली की भाव घसरलाच.

तिसरी गोष्ट रोखीची. ‘अर्धे रोख घ्या’ असा आग्रह होतो. पण घराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून कायद्याने मनाई आहे. घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. पैसे बँकेतूनच घ्यावेत आणि किल्ली शेवटचा हप्ता खात्यावर जमा झाल्यावरच द्यावी.

चौथी गोष्ट बहिणींची. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो आणि हा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. स्त्रियांना हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते. तेव्हा बहिणीला बोलणीच्या वेळीच शेजारी बसवावे. ऐन नोंदणीच्या दिवशी तिची सही अडली, तर गिऱ्हाईक पुन्हा घासाघीस सुरू करते.

शेवटी मनातले. भिंतीवरच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून ‘या वस्तीत इतका भाव कोण देतो?’ असे कुणी बोलून जाते. त्या भीतीने काही घरे गिऱ्हाईक येण्याआधीच तसबिरी उतरवतात. आम्हाला हे पटत नाही. तसबिरीमुळे घराचा एक चौरस फूटही कमी होत नाही. अशा गिऱ्हाईकाला चहा पाजून नम्रपणे वाट दाखवावी. दुसरे येईल.

जयभीम!